हा फोटो जातो कुठं?

'ताई, मी धारूर तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. एकवीस वर्षं झाली. आता घरपोच आहाराची पाकिटं द्यायची तर आधी आधारचा ओटीपी घ्यायचा, मग बाईचा चेहरा मोबाइलला दाखवायचा. बाया विचारतात, "बाई, ह्यो फोटो जातो कुठं वं?" मला सांगता येत नाही. बँकवाले म्हणतात ओटीपी कुणाला देऊ नका, आणि मी मागते. वर वाटपाचे फोटो जीपीएस कॅमेऱ्यानं काढून ग्रुपवर टाकावे लागतात. मागच्या महिन्यात एका नव्या सुनेचा फोटो टाकला. तिला दिवस जाऊन दोनच महिने झाले होते, सासूशिवाय कुणाला माहीत नव्हतं. फोटो फिरत फिरत भावकीत गेला. ती पोरगी आता अंगणवाडीत पाऊल टाकत नाही. कोयत्यावर, ऊसतोडीला गेलेल्या बायांचे चेहरे मी कुठून आणू? शेजारच्या गावच्या बाई म्हणाल्या, जुन्या फोटोवर मोबाइल धर, काम होतं. धरू का? मालक म्हणतात नोकरी सोड. मी कुणाच्या बाजूनं उभं राहावं?'
– एक सेविका, ता. धारूर, जि. बीड

सेविकाताई,

नोकरी सोडू नका, आणि जुन्या फोटोवर मोबाइलही धरू नका. या दोन गोष्टी आधीच सांगून टाकते. बाकीचं सावकाश बोलू.

तुमच्या गावातल्या बायांनी विचारलेला प्रश्न अगदी बरोबर आहे. 'अडाणी बाया काहीही विचारतात' असं म्हणून तो दडपणारे पुष्कळ भेटतील. तुम्ही तो दडपला नाहीत, कागदावर उतरवून माझ्याकडे पाठवलात. म्हणून आधी त्याच प्रश्नाचं उत्तर देते.

पोषण ट्रॅकर हे केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाचं ॲप, २०२१ पासून चालू आहे. १ जुलै २०२५ पासून घरपोच आहारासाठी चेहऱ्याची पडताळणी सक्तीची झाली. बाईची ई-केवायसी करताना ओटीपीनं तिचं आधार तपासलं जातं आणि चेहरा नोंदवला जातो. पुढे दर वाटपाला समोरचा चेहरा त्या नोंदीशी जुळवतात. म्हणजे फोटो तुमच्या मोबाइलमध्ये राहत नाही, तो सरकारच्या यंत्रणेत जातो. तिथं त्याच्या शेजारी त्या बाईचं नाव, नवऱ्याचं नाव, गाव, आधार, कितवा महिना, कितवं मूल, बाळाचं वजन, हे सगळं बसलेलं असतं. कुठल्याही बाईबद्दल तिच्या आईलाही नसेल एवढी माहिती एका जागी. आणि चेहरा ही अशी वस्तू आहे की ती एकदा दुसऱ्याच्या हातात गेली की बदलता येत नाही. एटीएमचा पिन फुटला तर आपण नवा घेतो. तोंड नवं आणता येतं का?

बायांना हे असंच सांगा, त्यांच्याच भाषेत. 'मला माहीत नाही' हेही सांगायला लाजू नका. किती वर्षं ठेवणार, आणखी कोण बघू शकतं, हे तुम्हाला कुणी लेखी दिलेलं नसेल तर ते लेखी मागायचं. कसं, ते पुढे सांगते.

आता ओटीपी. 'ओटीपी देऊ नका' आणि 'ओटीपी द्या' या दोन्ही सूचना एकाच बाईला आठवड्याभरात मिळतात आणि तिनं गोंधळायचं नाही अशी आपली अपेक्षा. २०२५ मध्ये लाडकी बहीणच्या केवायसीच्या वेळी काय झालं ते तुम्ही गावात बघितलंच असेल. बाईचा ओटीपी, नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा ओटीपी, आणि सोबतीला खोट्या वेबसाइटी. तिथून लोकांना सवयच लागली: कुणी मागितला की आकडे वाचून दाखवायचे. फसवणारे याच सवयीवर जगतात. 'अंगणवाडीतून बोलतोय, बाळंतपणाचे पैसे आलेत, ओटीपी सांगा' असा फोन आला की बाई सांगून मोकळी होते, कारण मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला पाच हजार मिळतात हे तिला ठाऊक असतं आणि अंगणवाडी खरंच ओटीपी मागते हेही ठाऊक असतं.

म्हणून एक शिस्त तुमच्याकडून सुरू करा. फोनवरून ओटीपी मागायचाच नाही. कधीच नाही. नवऱ्याचा मोबाइल कारखान्यावर आहे, नंबर त्याच्या नावावर आहे, केवायसीची आज शेवटची तारीख आहे, तरी नाही. तुम्ही भल्या मनानं फोन लावता, पण त्या माणसाला तुमचा आवाज आणि फसवणाऱ्याचा आवाज यातला फरक कळायला मार्ग नसतो. ओटीपी समोरासमोर, अंगणवाडीत. बाईनं आधी मेसेज वाचायचा, वाचता येत नसेल तर घरातल्या शिकलेल्या लेकराकडून वाचून घ्यायचा. आधारचा मेसेज आहे की बँकेचा, हे बघायचं. बँकेचा असेल तर तुम्हालाही सांगायचा नाही. आणि गावात जाहीर सांगून टाका: 'मी फोनवर ओटीपी मागत नाही. माझं नाव घेऊन कुणी मागितला तर तो चोर.' कुणाचे पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन. तो जेवढ्या लवकर जाईल तेवढी पैसे अडवता येण्याची आशा जास्त.

ग्रुपच्या फोटोंबद्दल मात्र मला जरा जास्त बोलायचंय, कारण त्या पोरीचं नुकसान तिथं झालं.

ॲपमधला फोटो आणि ग्रुपवरचा फोटो या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. ॲपमध्ये काय करायचं हे वरून ठरतं, तुमच्या हातात फार थोडं असतं. ग्रुपचं तसं नाही. जीपीएस कॅमेऱ्याची ती ॲपं खासगी कंपन्यांची. फोटोच्या खाली अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ, गावाचं नाव छापून येतं. ते फोटोतच भाजलेलं असतं, कुणी पुढं पाठवलं तरी पुसत नाही. त्यात गरोदर बाई दारात उभी. म्हणजे ही कोण, कुठं राहते आणि पोटुशी आहे, तिन्ही गोष्टी एका फोटोत. ग्रुपात साठ माणसं असतील तर साठ मोबाइलांच्या गॅलरीत तो आपोआप उतरतो. त्यातला एक मोबाइल कुणाच्या भाच्याच्या हातात असतो. भावकीत जायला आणखी काय लागतं?

आपल्याकडे तीन महिने भरल्याशिवाय पोटुशी असल्याचं बोलत नाहीत. शहरातल्या एखाद्या साहेबाला ती जुनी समजूत वाटेल. पण त्यामागं बाईचं मोठं शहाणपण आहे. पहिल्या तीन महिन्यांत गर्भ पडायचा धोका जास्त असतो, आणि पडला तर निदान गावभर उत्तरं देत फिरावं लागू नये, एवढीच तिची इच्छा असते. कुणाला कधी सांगायचं हे तिनं ठरवायचं. खासगीपणाचा हक्क म्हणतात तो हाच. तो इंग्रजी बोलणाऱ्यांचा शौक नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमतानं सांगितलं की हा मूलभूत हक्क आहे, जगण्याच्या हक्कातलाच. सरकारला त्यात हात घालायचा असेल तर त्याला कायद्याचा आधार लागतो, रास्त कारण लागतं, आणि कामापुरताच हात घालावा लागतो. साठ माणसांच्या ग्रुपवर गरोदर बाईचा चेहरा टाकणं या तिन्हींपैकी कशात बसतं, ते मला तरी दिसत नाही.

मी हे पुस्तकातून बोलत नाही. बरीच वर्षं झाली, तालुक्याच्या एका दवाखान्यात माझं पिशवीचं ऑपरेशन होतं. सकाळी दाराशेजारच्या भिंतीवर दिवसभराच्या ऑपरेशनची यादी चिकटवलेली. नाव, वय, गाव, कशाचं ऑपरेशन, सगळं मोठ्या अक्षरात. बाहेर बसलेल्या आमच्या गावच्या दोघांनी ती वाचली. मी घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती, आणि त्यानंतर कितीतरी दिवस बाया माझ्याकडे ज्या नजरेनं बघायच्या ती अजून आठवली की अंगावर काटा येतो. यादी लावणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याला सोय हवी होती, बस.

म्हणजे माहिती गोळाच करू नये असं माझं म्हणणं आहे का? नाही. आपल्याच जिल्ह्याचं उदाहरण घ्या. ऊसतोड बायांच्या पिशव्या काढण्याचा प्रश्न २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आला. ८२,३०९ बायांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ बायांची गर्भाशयं काढलेली निघाली. हा आकडा आला म्हणून सगळ्या राज्याला खडबडून जाग आली. मोजलं नसतं तर कुणी ऐकलं नसतं. पण तो आकडा मांडायला त्या जवळजवळ चौदा हजार बायांमधल्या एकीचंही नाव, चेहरा, घर कुणाला दाखवावं लागलं नाही. मोजायला चेहरा लागत नाही, ताई. तुमच्या वरच्यांना वाटप झालं की नाही हे कळायला हवं. ते ॲपमध्ये दिसतं, रजिस्टरात दिसतं, शिल्लक पाकिटांत दिसतं.

तेव्हा तुमच्या मुख्यसेविकेला साध्या कागदावर एवढंच लिहून द्या: 'लाभार्थी महिलांचे चेहरे व घराचे ठिकाण दिसणारे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्याबाबत लेखी आदेश असल्यास त्याची प्रत मिळावी. तोपर्यंत वाटपाची नोंद मी ॲपमध्ये व रजिस्टरमध्ये करीन आणि ग्रुपवर फक्त पाकिटांचे व सह्यांशिवाय वाटप तक्त्याचे फोटो टाकीन.' दोन प्रती काढा, एकीवर पोहोच घ्या. यात कुठंही 'मी करणार नाही' असं नाही. तुम्ही काम नाकारत नाही, आदेश मागताय. तोंडी हुकूम सोडायला सोपा असतो, त्याच हुकुमावर सही करायची म्हटली की माणूस थबकतो. बहुतेक ठिकाणी असा लेखी आदेश निघणारच नाही, असं मला अनुभवानं वाटतं.

एकट्या देऊ नका. बीटमधल्या पाच-सहा जणींच्या सह्या घ्या. मानधनावर काम करणाऱ्या बाईला एकटीला गाठून दमात घेणं सोपं असतं, हे मला माहीत आहे. पण २०२१ चा ऑगस्ट विसरू नका. राज्यभरच्या सेविकांनी ते गरम होणारे, बंद पडणारे सरकारी मोबाइल गठ्ठ्यांनी प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले होते. ॲप इंग्रजीतून का, हाही प्रश्न तेव्हा तुमच्याच बहिणींनी लावून धरला होता. वरून आलेला हुकूम परत फिरतच नाही असं नाही. २०२५ च्या डिसेंबरात प्रत्येक नव्या मोबाइलमध्ये संचार साथी हे सरकारी ॲप घालूनच विका, असा केंद्राचा आदेश बाहेर आला. लोक बोलले, आणि काही दिवसांतच सक्ती मागं घेतली गेली.

ग्रुपवर आधारच्या याद्याही जात असतील. त्या आजच थांबवा. आधार नंबर असा चारचौघांत मांडायला आधारच्या कायद्यातच मनाई आहे. झेरॉक्स हवीच असेल तर शेवटचे चारच आकडे दिसणारं आधार डाउनलोड करून मिळतं, ते घ्या. आणि तुमच्या स्वतःच्या मोबाइलचं एक काम संध्याकाळी लेकीला सांगून करून घ्या: व्हॉट्सॲपचे फोटो आपोआप गॅलरीत उतरणं बंद, गॅलरी आपोआप ऑनलाइन साठणं बंद, जीपीएस कॅमेऱ्याला ठिकाणाची परवानगी फक्त वापरताना. जुने फोटो काढून टाका. तुम्ही दिवसभर कुठं कुठं गेलात हे त्या ॲपच्या कंपनीला कळायची काहीच गरज नाही. तुमचाही खासगीपणा आहे, तो तुम्ही पत्रात एका ओळीनंही मागितला नाहीत, हे मला लागलं.

आता कोयत्यावर गेलेल्या बाया. ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघतात, गाळप संपेपर्यंत म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत गावात नसतात. त्यांच्या पोटातल्या आणि कडेवरच्या लेकरांचा आहार मात्र थांबायला नको. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं गरोदर बाईला, बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत आईला आणि सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या लेकरांना आहाराचा हक्क दिलाय. त्या कायद्यात चेहऱ्याची अट नाही. मला विचाराल तर खाण्याच्या पाकिटासाठी चेहरा सक्तीचा करणं चूकच आहे. चोरी पकडायची तर ठेकेदाराच्या गोदामापासून सुरुवात करावी, बाळंतिणीच्या तोंडापासून नाही.

पण माझं मत सांगून तुमच्या हातातली पाकिटं वाटली जाणार नाहीत. बाई जिथं गेली तिथल्या अंगणवाडीत तिचं नाव हलवायची सोय ट्रॅकरमध्ये आहे. निघायच्या आधीच मुकादमाकडून कारखान्याचं नाव घ्या आणि नाव हलवा, दिवाळीच्या गडबडीत हे राहून जातं. ज्या गावातच आहेत आणि तरी चेहरा जुळत नाही, रेंज नाही, ओटीपी येत नाही, त्यांची रजिस्टरात तारीख-वेळेसह नोंद करा, बाईची सही-अंगठा घ्या आणि यादी त्याच दिवशी लेखी वर पाठवा. २०१८ च्या आधारच्या निकालातही पडताळणी फसली म्हणून कुणी लाभाला मुकू नये, हे न्यायालयात मान्य झालेलं आहे. बायांनाही १४४०८ या पोषण हेल्पलाइनवर तक्रार करायला शिकवा. तक्रार तुमच्याविरुद्ध नसून तुमच्या बाजूची आहे, हे आधी समजावून सांगा.

आणि तो जुन्या फोटोचा मार्ग. रोजगार हमीच्या हजेरी ॲपवर हेच झालं. फोटोचा फोटो काढून हजेऱ्या लागल्या, आणि २०२५ च्या जुलैत केंद्रानं पत्र काढून सगळे फोटो माणसांकडून तपासायचे आदेश दिले. असं काही उघडं पडलं की बोट सगळ्यात खालच्या माणसाकडे जातं. खरी लाभार्थी, खरी पाकिटं, आणि नोंद मात्र खोटी, ती तुमच्या लॉगिनवर. एकवीस वर्षांची इमानदारी त्यात घालवू नका.

'फोटो जातो कुठं' याचं लेखी उत्तर माहितीच्या अधिकारात मागा. दहा रुपयांचा अर्ज, दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तेही नाहीत. अर्ज एखाद्या लाभार्थी बाईच्या नावानं गेला तर जास्त चांगलं. चेहऱ्याची नोंद किती काळ ठेवता, कोणकोणत्या अधिकाऱ्याला दिसते, दुसऱ्या कुठल्या खात्याला किंवा कंपनीला देता का, बाईनं नकार दिला तर आहार द्यायचा पर्यायी मार्ग कोणता, एवढंच विचारा. प्रकल्प कार्यालय म्हणेल की हे केंद्राचं आहे. म्हणू द्या. ज्याच्याकडे माहिती आहे त्याच्याकडे अर्ज पाच दिवसांत पाठवणं हे कलम ६(३) प्रमाणे त्यांचंच काम आहे. २०२३ चा डेटा संरक्षण कायदाही आहे, पण त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात आले आणि बहुतेक कलमं लागू व्हायला तिथून अठरा महिने ठेवलेत. शिवाय लाभाच्या योजनांसाठी सरकारला त्यात बरीच मोकळीक आहे. लागेल तेवढीच माहिती आणि लागेल तितकेच दिवस, हे बंधन मात्र सरकारलाही घातलंय. त्याच्यावर बोट ठेवता येईल.

ही उत्तरं आली की ग्रामसभेत वाचून दाखवा. दर १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, तुम्ही लेकरांना घेऊन झेंड्याला जाता. निजामाच्या राज्यात 'गश्ती निशान ५३' नावाचा हुकूम होता, सभा घ्यायची तर आधी परवानगी काढा. कोण कुणाला भेटतं, काय बोलतं, यावर सरकारची नजर. आपल्या आज्या-आजोबांनी ते मुकाट्यानं मान्य केलं नव्हतं. तुमच्या गावातली एखादी बाई ग्रामसभेत उठून 'माझा फोटो कुठं ठेवलाय?' असं विचारते, तेव्हा ती त्याच घराण्याची असते.

राहिली ती सून. तिच्याकडे तुम्हाला जावंच लागेल, आणि वाटपाच्या दिवसाआधी. सासू घरात असेल तर आधी सासूशी बोला, कारण गुपित तिचंही फुटलंय. 'वरून सांगितलं होतं' हे वाक्य तिथं बोलू नका. ते खरं असलं तरी बोलू नका. चूक झाली, फोटो मी टाकला, मी काढून टाकलाय आणि ज्यांच्याकडे गेला त्यांनाही काढायला सांगितलंय, आता तुझा फोटो ग्रुपवर जाणार नाही, एवढंच सांगा. हे बोलण्याआधी खरोखर करून जा. ती काही बोलली नाही तरी बसा थोडा वेळ. ॲपसाठी चेहरा लागतो हे नंतर कधीतरी, तिला वाटेल तेव्हा सांगता येईल. तिची पाकिटं सोबत न्या, आणि मोबाइल घरी ठेवून जा.